निवडलेला कापूस

अकोला, १९३८

गोवर्धनभाऊ, तुह्या शकुनचा दुरूनच नमस्कार.

एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी तू वावरातला कापूस जसा निघाला तसाच मागितला होता. मी मात्र तीन दिवस बसून त्यातली डागी, किडकी कवडी, म्हणजे खराब बोंडातला कापूस, वेचून फेकली. मुंबईच्या प्रोफेसरासमोर तुह्या घरचा मळका कापूस कसा ठेवू देऊ? आता तू आनंदानं लिवलं, यंत्रावर आपल्याच वावरातला धागा सगळ्यांत मजबूत निघाला. पुढच्या महिन्यात प्रबंध द्यायचा हाये.

हे वाचून तू मले रागावणार नाही, उलट सांभाळून घेशील, म्हणूनच हे पत्र धाडवत नाही. उद्या दुसरी पिशवी धाडतो, कवडीसकट. संगं चिठ्ठी एवढीच: "पयला कापूस बहिणीनं निवडला होता. हा आपला हाये."

तुही,
शकुन