हजेरीपटावरचं माझं नाव

रिहाब,

तू ड्यूटीवरून येशील तेव्हा मी गावी, तोझरला जाणाऱ्या टॅक्सीत असेन. राजीनामा सकाळीच दिला. तुला आधी सांगितलं असतं, तर तू रडली असतीस आणि मी थांबले असते. गॅसवर शकशूकाचा टोमॅटोचा रस्सा आहे, अंडी ऐन वेळी फोडून घाल.

माझ्या जोडीची नर्स दलिला जर्मनीला गेली त्याला सात महिने झाले. हजेरीपटावर तिचं नाव अजून आहे आणि तिची सही रोज मी करायचे. मेट्रन लल्ला वहिदा म्हणायच्या, "दोन अक्षरं लिहायला हात झिजतो का गं तुझा? रकाना रिकामा दिसला की बोलणी मला बसतात."

मंगळवारी बत्तीस खाटांना मी एकटी होते. एकोणिसाव्या खाटेला सलाईन लावत असताना चौथ्या खाटेवरचे हाजी सालेम गेले. चौकशीत साहेबांनी हजेरीपट पुढे सरकवला. "दोघी होतात, तरी कुणाचं लक्ष नव्हतं?" लल्ला वहिदा खिडकीबाहेर बघत होत्या. राजीनाम्यातही त्यांनी 'घरगुती कारण' लिहायला लावलं. मी लिहिलं.

उद्यापासून माझ्या खाटा तुझ्याकडे येतील. त्याची माफी कशी मागू, कळत नाही. मी नसले तरी पटावर तुझ्या शेजारी माझं नाव असेल. त्या गोड बोलतील, चहा पाजतील. माझी सही करू नकोस.

तरीही तुझ्यावर काही आलंच, तर ही चिठ्ठी दाखव. दलिलाच्या सह्या मी केल्या, असं मी इथे लिहून देते.

नजिबा