मुलुंड ते मुलुंड, व्हाया किसुमू

किसुमू, केनिया
रविवार, १ मार्च

प्रिय आई,

आधी एक दुरुस्ती. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की इथे शांततेचं शिक्षण देणाऱ्या मंडळींचंच आपसात भयंकर भांडण झालंय, सगळे गोल करून बसतात आणि कोणी कोणाशी अवाक्षर बोलत नाही. हे चूक आहे. ते प्रार्थना करत होते. या ख्रिस्ती मंडळींची प्रार्थना अशीच असते. भजन नाही, आरती नाही, टाळ्या नाहीत. गप्प बसायचं, आणि आतून काही आलंच तर उठून दोन वाक्यं बोलायची. मी पोचले तो नेमका रविवार होता आणि मला कोणी काही सांगितलं नव्हतं. विचारायचं ना, म्हणशील. पण एवढी सगळी मोठी माणसं मान खाली घालून गप्प बसलेली बघितल्यावर आपल्या घरात वाढलेली मुलगी दुसरं काय समजणार? मला वाटलं, अबोला. आणि तोही अख्ख्या सोसायटीचा असावा एवढा मोठा.

मग मी आपल्याकडे करते तेच केलं. हळूच उठले, स्वयंपाकघर शोधलं, आलं ठेचून चहा केला आणि प्रत्येकापुढे कप ठेवला. इथल्या प्रमुख म्हणजे मामा अकिन्यी. (मामा म्हणजे तुझा भाऊ नव्हे, इथे मोठ्या बाईला मामा म्हणतात.) त्यांच्या कानाशी लागून मी म्हटलं, समोरच्या काकांना काही सांगायचं असेल तर निरोप माझ्याजवळ द्या, मी पोचवते, मला सवय आहे. त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतायत. मी घाबरून आणखी साखर घातली. शेवटी समोरचे काका उठले आणि गंभीर आवाजात म्हणाले, आज मला आतून एवढंच आलं की चहा फार चांगला झालाय.

तू ते पत्र भजनी मंडळात वाचून दाखवलंस आणि तुम्ही सगळ्यांनी या लोकांचं मनोमीलन व्हावं म्हणून विष्णुसहस्रनाम म्हटलंत, हे कळल्यापासून मला झोप नाही. प्लीज त्यांना सांग की गरज नव्हती. म्हटलेलं परत घेता येत नसेल तर दुसऱ्या कोणाच्या तरी नावावर करा.

हे मी फोनवरच सांगायला हवं होतं. पण फोनवर आपण बोलतो कुठे? फोनवर असतं दूध. तू ओट्यापाशी उभी राहून मला व्हॉइस नोट पाठवतेस, "गंधाली, त्यांना विचार, दूध किती आणू." मी इथे मुलांचा तास थांबवून बाबांना मेसेज करते. बाबा हॉलमधून मला कळवतात, "तिला सांग, नेहमीइतकं." मी तुला कळवते. हॉल आणि ओटा यांच्यामध्ये आपल्या घरात एक पडदा आहे, आई. तुझ्या व्हॉइस नोटमध्ये मला बाबांची शिंक ऐकू येते. परवा तर तू विचारलंस आणि मी कळवायच्या आतच मागून बाबा म्हणाले, "नेहमीइतकं म्हणावं." तरीही तू माझ्या मेसेजची वाट बघत थांबलीस, आणि मीही तो पाठवला. निरोप अर्धवट सोडणं मला जमतच नाही.

तुला माहीतच आहे, मी निरोपात काडीचा फरक करत नाही. लहानपणी तू म्हणायचीस, "त्या माणसाला सांग, जेवण गार होतंय," की मी हॉलमध्ये जाऊन म्हणायचे, "त्या माणसा, जेवण गार होतंय." तोंड फिरवायचं असेल तर तेही तुझ्यासारखं फिरवायचे. इथे नेमका त्याचाच उपयोग झाला. इथे मुलांना भांडण मिटवायला शिकवतात ते असं: दोघांना समोरासमोर बसवायचं, एकाने बोलायचं, आणि दुसऱ्याने उत्तर द्यायच्या आधी त्याचं म्हणणं जसंच्या तसं परत बोलून दाखवायचं. आमच्या प्रशिक्षणात भल्याभल्यांची तेवढ्यात वाट लागली. मी मात्र पहिल्याच फटक्यात सगळं म्हणून दाखवलं, उसाशांसकट. सगळे थक्क. हे कुठे शिकलीस? मी म्हटलं, घरी. तेव्हापासून इथे सगळ्यांची समजूत आहे की तू आणि बाबा मुंबईतले मोठे शांतता कार्यकर्ते आहात. मी दोनदा खुलासा करायचा प्रयत्न केला. त्यांना तो विनय वाटला.

बाबा म्हणाले होते ना, "शांतता शिकवायला आफ्रिकेत कशाला जायला हवं, आणि तेही चर्चवाल्यांबरोबर? बाटवून पाठवतील." आणि तू म्हणाली होतीस, "जाऊ दे तिला, या घरात राहून ती काय शिकणार आहे?" तेवढ्यावरूनच तर हा अबोला सुरू झाला. बाबांना जाऊन सांगशील तर सांग की अजून कोणी मला बाटवलेलं नाही. मीच यांना चहात आलं घालायला लावलंय. पण बघ, मी पुन्हा निरोपच देतेय.

आता खरी गोष्ट. माझ्या वर्गात अकोथ आणि नाफुला अशा दोन मुली आहेत. जिवलग मैत्रिणी. उडी मारायच्या दोरीवरून त्यांचं बिनसलं. अकोथ माझ्याकडे येऊन म्हणाली, "टीचर, तिला सांगा, माझी दोरी दे." मी सांगितलं. नाफुला म्हणाली, "तिला सांगा, आधी सॉरी म्हण." मी सांगितलं. माझ्या मोडक्या स्वाहिलीतसुद्धा मी एक शब्द गाळला नाही. मग रोजच सुरू झालं. वर्गाच्या या टोकाहून त्या टोकाला मी, आणि त्या दोघी आपापल्या बाकावर महाराणीसारख्या. बाकी मुलांची भांडणं मिटली, या दोघींचं मात्र झकास चाललं होतं.

मग खेळाच्या दिवशी ओरडून ओरडून माझा घसा बसला. आवाजच गेला. दुसऱ्या दिवशी अकोथ आली, "टीचर, तिला सांगा..." मी गळ्याकडे बोट दाखवलं. नाफुला आली, तिलाही दाखवलं. दोघी थोडा वेळ माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या, नळाला पाणी नसल्यावर आपण बघतो तशा. आणि मग अकोथ वळली आणि थेट नाफुलाच्या तोंडावर किंचाळली. नाफुला तिच्यावर किंचाळली. काय काय म्हणाल्या म्हणून सांगू! दोरी बाजूलाच राहिली, कधीपासूनचं साठलेलं सगळं निघालं. मी घाबरून मध्ये पडणार, तर मामा अकिन्यींनी मागून माझी ओढणी धरून ठेवली. घट्ट. मला हलताच येईना. रडून दोघींची नाकं गळायला लागली, आणि मग नाफुलाने नाक पुसत विचारलं, "तुझ्या आजीची गाय व्याली का गं?" अकोथ म्हणाली, "कालच." आणि दोघी वासरू बघायला पळाल्या. तास चालू असताना.

मी रडवेली झाले होते. मामा अकिन्यी ओढणी सोडत म्हणाल्या, "तू निरोप फार चांगला पोचवतेस, गंधाली. इतका चांगला, की त्यांना उठून जायची गरजच पडत नव्हती."

त्याच संध्याकाळी तुझी व्हॉइस नोट आली. बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची. "त्यांना विचार, बरोबर कोणी यायला हवंय का." मी विचारलं. बाबांनी कळवलं, "तिला सांग, रिक्षा मिळते." मी तेही जसंच्या तसं तुला सांगितलं. मग एवढंच आलं, "त्यांना सांग, बरं." आई, ते 'बरं' मी बाबांना पोचवलं, पण तू ज्या आवाजात म्हणाली होतीस तो आवाज मला टाइप करता आला नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझा निरोप अपुरा राहिला. आणि मला माहितीये, बाबांना रिक्षा नकोय. एकट्याने दवाखान्यात जायला ते किती घाबरतात ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

म्हणून हे पत्र. घाटकोपरची हेमांगी इथलं काम संपवून परत येतेय, ती येत्या शनिवारी ते तुझ्या हातात देईल. मुद्दाम हाताने लिहिलंय, बारीक अक्षरात. फोनवरची अक्षरं बाबा मोठी करून वाचतात, पण हे त्यांना मोतीबिंदूमुळे दिसणार नाही, त्यामुळे तुलाच त्यांना मोठ्याने वाचून दाखवावं लागेल. वाचून दाखवणं म्हणजे बोलणं नव्हे, त्याने अबोला मोडत नाही. याचा मी नीट विचार केलाय, बिनधास्त वाच. पण ऑपरेशननंतर डोळ्यात थेंब घालताना 'वर बघा' म्हणावं लागतं, आणि ते किसुमूहून म्हणता येत नाही. रिक्षात भांडलात तर भांडा, माझ्यावरून भांडलात तरी चालेल. मला प्रचंड भीती वाटतेय, त्या दिवशी मी दर पाच मिनिटांनी फोनकडे धावणार, म्हणून मामा अकिन्यींना माझी ओढणी धरून बसायला आत्ताच सांगून ठेवलंय. तुमचा शेवटचा निरोप मी बुधवारी घेईन, दुधाचा असला तरी. त्यानंतर निरोप पोचवणं बंद, ऑपरेशनच्या दिवसापासून, गुरुवार, १२ मार्चपासून.

तुझीच, आणि ऐकत असतील तर त्यांचीही,
गंधाली