उजवीकडची खुर्ची

४ नोव्हेंबर

आमच्या राष्ट्राध्यक्षांनी आणि ब्राझीलच्या राष्ट्राध्यक्षांनी पुन्हा एकमेकांना मिठी मारली. टीव्हीवर दिवसभर तेच. "सख्खे भाऊ" म्हणे! नदीवरचं धरण दोघांचं, आणि दिवे जातात ते आमच्या पाराग्वेच्या गल्लीत. पुलापलीकडे त्यांच्या दुकानांच्या पाट्यासुद्धा लखलखत असतात.

रेडिओवाले लोकांना विचारत होते, ही मैत्री कशी वाटते. माझ्या गाड्याभोवती नेहमीची मंडळी कुटलेला पाला घातलेलं बर्फगार तेरेरे एकाच पेल्यातून आळीपाळीने पीत ऐकत होती. कालिस्तो शिंप्याने फोन लावला, पण लागला नाही. "बरं झालं," माझी मैत्रीण सिंफोरियाना आपल्या वेताच्या खुर्चीतून म्हणाली, "तू बोलला असतास तर रेडिओच बंद पडला असता."

तिचं मत विचारायलाच नको. तिच्या भावाच्या शेजारी पलीकडच्या कंपनीचं सोयाबीन. त्यांनी विमानाने फवारलं, वाऱ्याने सगळं याच्या शेतावर आलं. कसावा करपला, कोंबड्या मेल्या. तक्रार करायला गेला तर आमच्याच पोलिसांनी त्याला दरडावलं. शेवटी शेत विकून मोकळा झाला — त्याच कंपनीला.

७ नोव्हेंबर

नगरपालिकेचा बायेस आला होता. एवढ्या उकाड्यात कोट! "मावशी, तुमचं नशीब उघडलं." दोघे साहेब पूल बघायला येणार आणि मग माझ्या गाड्यापाशी बसून तेरेरे पिणार. एकाच पेल्यातून, एकाच नळीने, साध्या माणसांसारखे. कॅमेरे असणार.

मला नाही जमायचं, म्हटलं. तो हसतच म्हणाला, "कोपरा नगरपालिकेचा आहे, मावशी."

हो म्हणून बसले. दुसरं काय करणार? याच कोपऱ्यावर पाला आणि मुळ्या कुटून दोन मुली वाढवल्या. जळो ती यांची मैत्री!

८ नोव्हेंबर

सिंफोरियानाला सांगितलं. तिने पेला रिकामा करून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "आभारी आहे."

आमच्यात पेला परत देताना आभार मानले की माणूस फेरीतून उठला. आता त्याला पुन्हा द्यायचं नाही. इतक्या वर्षांत बर्फ वितळून पाणी संपेपर्यंत तिने हा शब्द कधी तोंडातून काढला नव्हता. आज पहिल्याच घोटाला काढला.

९ नोव्हेंबर

आली नाही. समोरच्या बाजूने गेली. मान वळवली नाही.

११ नोव्हेंबर

"तिने दारावर काळं फडकं लावलंय," कालिस्तो सांगत होता. "सगळ्या गल्लीनेच लावलंय."

"आणि तू?"

"मी शिंपी आहे, बाई. फडकी मीच दिली."

गाड्यावर कोणीतरी खडूने लिहून गेलंय — पलीकडच्यांची मोलकरीण. ओल्या फडक्याने पुसलं. रेडिओवर अजून फोन येताहेत, एकाच्याही तोंडून बरा शब्द नाही. मीही शिव्याच दिल्या असत्या! पण मला आता कोण विचारतंय? कालिस्तोसुद्धा उभ्या उभ्या बोलून गेला, बसला नाही.

मला गल्लीचं काही नाही. ती यायला हवी होती.

१४ नोव्हेंबर

झालं एकदाचं. काय झालं ते अजून नीट कळत नाही.

बायेसने सकाळीच माझ्या खुर्च्या उचलून पांढऱ्या आणून ठेवल्या. सिंफोरियानाची वेताची तेवढी मी नेऊ दिली नाही. माझ्या उजव्या हाताला तीच असते. पिशवी ठेवायला लागते, असं खोटंच सांगितलं. दोन्ही साहेब डावीकडे बसले. एकमेकांच्या पाठीवर थापा काय, हसणं काय! मी खाली मान घालून पाला कुटत होते.

पहिला घोट वाढणारीचा, तो मी घेतला. पेला पुन्हा भरला आणि हात पुढे केला — उजवीकडे. रिकाम्या खुर्चीपुढे.

आणि तसाच धरून थांबले. सिंफोरियाना नेहमी बोलण्यात गुंतलेली असते, तिचं वाक्य संपेपर्यंत मला हात धरून ठेवावाच लागतो. तशीच थांबले. डावीकडे आमच्या साहेबांनी हात पुढे केलेला, तो तसाच. बायेस खोकला तेव्हा भानावर आले. पण फोटो निघायचे ते निघाले होते.

१५ नोव्हेंबर

पेपरात पहिल्या पानावर मी! "रिकामी खुर्ची म्हणजे आपली जनता." रेडिओवर लोक फोन करकरून माझं कौतुक करताहेत. कोण कुठली बाई चीज घातलेले गरम चिपा पाव घेऊन आली आणि माझ्या गळ्यात पडून रडली.

अहो, मी काही केलं नाही! हात सवयीने गेला. कालिस्तोला सांगितलं तर म्हणतो, "कुणापाशी बोलू नका. लोकांना बरं वाटतंय तर वाटू दे."

संध्याकाळी बायेस आला. आज कोट नव्हता, मावशीही नव्हतं. "गाडा हलवा, बाई."

१७ नोव्हेंबर

गाडा उचलून नेला. अख्खी गल्ली जमली होती. दोन्ही साहेबांच्या विरोधात घसा फाटेस्तोवर घोषणा दिल्या, माझ्या नावाचा जयजयकार केला. मी खलबत्ता छातीशी धरून उभी. तो घरापर्यंत न्यायला हात लावील असा एकही पुढे आला नाही. यांची मैत्री आणि यांचा राग — दोन्ही मेले सारखेच. मी एका हातात वेताची खुर्ची घेतली, दुसऱ्या काखेत खलबत्ता, आणि निघाले.

१८ नोव्हेंबर

सकाळी सिंफोरियाना दारात. "ते लोक काहीही म्हणू देत. मी बोलतेय असंच वाटलं ना तुला?"

वेताची खुर्ची उचलून तिने आपल्या अंगणात नेली आणि मला तीत बसवलं. आज पाणी तिने ओतलं. मी बायेसला शिव्या घालत होते. ती पेला पुढे धरून थांबली होती.