लाल गळ आणि मामांचा दगड

गुरु. ९ एप्रिल
वीकली ऑफ. सकाळीच सुनीताला घेऊन शिक्रापूरहून राहूला, सासुरवाडीत. चहा झाला की सासऱ्यांबरोबर, म्हणजे मामांबरोबर, नदीवर. मामा बंधाऱ्याजवळच्या त्यांच्या सपाट दगडावर, मी खाली चिखलात. घरात जावयाला पाट आणि नदीवर ही तऱ्हा. मामांना चार चिलापी, मला एक खेकडा.
म्हटलं, गळ लाल असला तर मासा लवकर येतो.
मामा : "कणकेच्या गोळ्यात गळ झाकला, मंग रंग दिसतो कुठं? माशाचं डोळं काय गोळ्याच्या आत हायेत व्हय?"
मी हट्टानं पैज लावली. लाल गळाला मोठा मासा लागला तर दगड माझा. नाही लागला तर जन्मभर चिखल, तोही तोंड मिटून.

शुक्र. १०
कंपनीच्या पेंट शॉपमध्ये असण्याचा काहीतरी उपयोग. ब्रॅकेट टांगायच्या हँगरला पाच गळ अडकवले, रंगाच्या पुडीचं पावडर कोटिंग करून ओव्हनमधून भाजून काढले. लालभडक! शेजारचा यादव म्हणाला, "भैया, भाभी के लिए झुमका?" हसू दे.

गुरु. १६
फजिती. तीनदा दोरी ओढली गेली, तीनदा मासा सुटला. शेवटी गळ अंगठ्याच्या नखावर टेकवून पाहिला, सर्रकन घसरला. कोटिंगनं टोकच बुजलंय! मामा पोट धरून हसले. "जावईबापू, माशाला गुदगुल्या करताय जणू!"
पण तीनदा ओढलं, हे मामा विसरतात. मासा आला होता!

शनि. १८
सुनीताची लाल नेलपॉलिश मागितली. "माझ्याच बापाला हरवायला?" म्हणाली, पण दिली. नव्या गळाच्या दांडीला दोन हात मारले, टोक कोरं ठेवलं. नखात रुततंय.

गुरु. २३
जिंकलो!! कटला. दोन्ही हातांनी धरावा एवढा. आधी वाटलं, तळाला झुडपात अडकलं. मग दोरी आपोआप मधल्या धारेकडे निघाली... मामा ओरडले, "सैल सोडा! आरं, ढील द्या!" आणि धोतरासकट चिखलात उतरले. दोघांनी मिळून काठावर घेतला. मला नाचावंसं वाटत होतं. नाचलो.
गळ मामांनीच तोंडातून सोडवला. उलटसुलट करून पाहिला, मग माझ्या हातावर ठेवला. कुठेच लाल नव्हतं, नुसतं काळं लोखंड. रंग कधी निघाला? कणीक मळतानाच? की कटल्याच्या तोंडात?
मी काही बोलणार तोच मामा चिखलातच फतकल मारून बसले. म्हणाले, "बसा वर. तुमचा हाय आता."
दगड उन्हानं तापला होता. तरी सूर्य कलेपर्यंत उठलो नाही.

शुक्र. २४
काल गुरुवार, सासूबाई मासे शिजू देईनात. अर्धा कटला इकडे आणला होता, आज रस्सा. दोन भाकरी जास्त गेल्या.
आत्ता मामांचा फोन. रश्शाची चौकशी, कंपनीची चौकशी, मग आवाज बारीक करून : "ती लाल बाटली... येताना आणा. पोरीला सांगू नगा."
"मामा, पण गळाला रंग उरलाच नव्हता. तुम्हीच पाहिलंत."
"पाह्यलं की. तरी आणा."