मधल्या नावाचा मालक

बाबा, आम्ही घर घेतलं. सगळ्यांत आधी तुम्हाला सांगायला हवं होतं, कारण घराच्या कागदांत तुमच्याइतका रमणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. घर टोकियोत, निशी-कसाईलाच आहे, भाड्याच्या जागेपासून चालत आठ मिनिटांवर, चौथा मजला. चतुःसीमा विचाराल तर उत्तरेला पाळणाघर, दक्षिणेला मेट्रोचा उंच पूल, पश्चिमेला सायकलींचा स्टँड आणि पूर्वेला शेजारच्या आजोबांनी मांडलेली कुंड्यांची रांग. एवढं ऐकून तुम्ही खूश झाला असतात आणि चहा मागवला असतात. मग हळूच विचारलं असतंत, कागद कोणाकडून केलेस? त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मी आज बसले आहे.

इथे तुमच्या कामाला शिहो-शोशी म्हणतात. परीक्षा पास झालेला, परवान्याचा माणूस असतो. घर विकणारा खरा कोण, घेणारा खरा कोण हे तो तपासतो आणि घेणाऱ्याचं नाव सरकारी नोंदीत चढवतो. त्याने मान हलवल्याशिवाय बँक पैसे सोडत नाही. इतका मान तुम्हाला कुठे होता? दुय्यम निबंधकाच्या कचेरीबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये तुमचं टेबल, टेबलावर टाइपरायटर, त्याच्या एका बाजूला मुद्रांकांची वही आणि दुसऱ्या बाजूला डब्यातलं थालीपीठ. खरेदीखत, बक्षीसपत्र, हक्कसोड, जे हवं ते तुम्ही लिहून द्यायचात आणि सही व्हायच्या आधी अख्खं मोठ्यानं वाचायचात. लोक जांभया द्यायचे. एजंट घड्याळ बघायचे. तुम्ही मात्र चष्मा सावरून पहिल्या ओळीपासून सुरुवात करायचात, आणि मध्ये कोणी बोललं की परत पहिल्या ओळीवर.

तुम्हाला भूकंपाच्या वर्षीचा फोन आठवत असेल. मी ऑफिसातून चार तास चालत, दोन नद्या ओलांडून घरी पोचले होते. पुस्तकांचं कपाट आडवं पडलं होतं आणि तुमचा फोन काही केल्या लागत नव्हता. लागला तेव्हा तुम्ही इतकंच म्हणालात, "परत या तुम्ही दोघं." मी म्हटलं, दोन वर्षांत येतो, प्रोजेक्ट संपू दे. तुम्ही विचारलंत, "घर भाड्याचंच आहे ना? मग ठीक आहे. कुलूप लावलं की निघता येतं." पुढची दोन वर्षं दर रविवारी तुम्ही घर भाड्याचंच आहे ना याची खात्री करून घेत होतात, आणि मग तुम्हीच गेलात. त्यानंतर मुलगी झाली, शाळेत गेली, मराठीतल्या प्रश्नाला जपानीत उत्तर द्यायला लागली. आम्ही राहिलोच. घर घ्यायचं ठरलं त्या दिवशी मला तुमच्यापुढे खोटं पडल्यासारखं वाटलं, आणि ते वाटणं अजून पुरतं गेलेलं नाही.

घर दाखवणारा एजंट तिशीतला, फार अदबशीर. त्याने सगळं ताटात वाढून ठेवलं होतं. बँक त्याची, विमा त्याचा, शिहो-शोशीही त्याचाच. त्या शिहो-शोशीच्या ऑफिसातून एका मुलीचा फोन आला. आमच्या दोघांच्या रहिवासी दाखल्यांवर नावं पासपोर्टाप्रमाणे, म्हणजे आडनाव, नाव, वडिलांचं नाव. ती फार नम्रपणे म्हणाली, "दाखल्यावर मागे आणखी दोन जण दिसतात. तेही मालक होणार का? मग त्यांचेही शिक्के लागतील." इथे सहीच्या जागी नावाचा शिक्का मारतात. मी हसत सुटले. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "आपले दोघांचे बाप! बोलाव त्यांना, निदान कागद तरी नीट वाचतील." त्याचे वडीलही तुमच्या मागोमाग गेलेले. आम्ही दोघं हसलो आणि मग तो उठून चहा टाकायला गेला.

दुसऱ्या दिवशी एजंटाने त्यावर तोडगा आणला. इथे वॉर्ड ऑफिसात माणसाला व्यवहारातलं एक वेगळं नाव नोंदवता येतं. "नवऱ्याचं आडनाव आणि तुमचं नाव, एवढंच नोंदवू," तो मला म्हणाला. "कागद सुटसुटीत होतात. शेजारी, शाळा, सगळीकडे सोपं. बँकेचा अर्ज मी तसाच भरून ठेवलाय." मी त्याच्या शिहो-शोशीला फोनवर विचारलं, पुढे घर विकताना किंवा मुलीच्या नावावर करताना या नावाचा काही त्रास? प्रश्न संपायच्या आत उत्तर आलं, "दाइजोबु." म्हणजे काही काळजी नाही. फोन ठेवला आणि मला तुमचं टेबल दिसलं. गिऱ्हाईक काहीतरी अडचणीचं विचारतंय, तुम्ही पेन खाली ठेवताय आणि म्हणताय, "पाहून सांगतो." मला तेव्हा लाज वाटायची. वाटायचं, इतकी वर्षं हेच काम करून यांना येत कसं नाही? त्यावर तुम्ही घरी जेवताना म्हणाला होतात, "दस्तलेखक धरायचा तर पाहून सांगतो म्हणणारा धरावा. पटकन सांगणाऱ्याला आपली घाई असते, गिऱ्हाइकाची नव्हे."

मी एजंटाला विचारलं, शिहो-शोशी आम्ही आमचा आणला तर? त्याने दातांतून हवा आत ओढली आणि मान तिरकी केली. इथे नाही म्हणायची ही रीत आहे. "घर विकणारे गृहस्थ नागोयाला मुलाकडे चाललेत, त्यांना महिनाअखेर हवीय. शिवाय आणखी एक जोडपं घर बघून गेलंय." नवरा वैतागला. "अगं, एका नावासाठी घर घालवशील. बारा घरं पाहिलीत आपण! मधलं नाव उडालं म्हणून काय बाबा उडणार आहेत का?" तो चुकीचं बोलत नव्हता. मुलीला तर या घराशेजारचं पाळणाघरसुद्धा आवडलं होतं, बारा वर्षांची घोडी झाली तरी. घर गेलं तर ती मला माफ करणार नव्हती, आणि मीही स्वतःला केलं नसतं.

तरी शनिवारी सकाळी मी एकटी निघाले. स्टेशनजवळ सायकलच्या दुकानावर एका शिहो-शोशीची पाटी येता-जाता दिसायची. वर गेले तर सत्तरीच्या बाई, गळ्यात चष्मा, टेबलावर अर्धवट खाल्लेलं संत्रं. मी तोच प्रश्न तशाच शब्दांत विचारला. त्यांनी संत्रं बाजूला सारलं, सगळं लिहून घेतलं आणि म्हणाल्या, "शिराबेमास." पाहून सांगते. बाबा, मी तिथल्या तिथे त्यांना काम देऊन टाकलं. पायऱ्या उतरताना मला इतका आनंद झाला होता की खाली सायकलवाल्याने वळून बघितलं.

मंगळवारी त्यांनी बोलावलं. दोन्ही नावं कायद्यात बसतात, त्या म्हणाल्या. पण वेगळं नाव नोंदवलं तर ती बाई आणि ही बाई एकच आहे, हे पुढे कधीतरी कोणाला तरी सिद्ध करावं लागेल, आणि बहुतेक ते तुमच्या मुलीला करावं लागेल. पूर्ण नाव घातलं तर तो प्रश्न नाही, मात्र बँकेचे कागद नव्याने करायचे, म्हणजे एक आठवडा जाणार. मग त्यांनी दाखल्यावर बोट ठेवलं. "हे मागचं नाव कोणाचं?"

"माझ्या वडिलांचं."

"तुमच्याकडे लग्नानंतर तेच ठेवतात?"

"नाही, बहुतेक जणी नवऱ्याचं लावतात."

"मग तुम्हाला कुठलं हवंय?"

इतक्या दिवसांत हे मला कोणीच विचारलं नव्हतं. मी स्वतःलाही नाही. आणि मी एकदम एकोणीस वर्षांची झाले. कॉलेजला सुट्टी आहे, तुमच्या टाइपरायटरवर मी बसले आहे. एक म्हातारी आपली दोन खोल्यांची जागा लेकीला बक्षीस देते आहे. लेक शेजारी उभी, गळ्यात मंगळसूत्र. मी भराभर टाइप करते आणि लेकीच्या नावापुढे तिच्या नवऱ्याचं नाव घालते. तुम्ही वाचायला घेता आणि चौथ्या ओळीवर थांबता. "तिला विचारलंस?" मी म्हणते, त्यात काय विचारायचं, लग्न झालंय ना. तुम्ही मुद्रांकाचा तो कागद बाजूला ठेवता, सगळ्या शेडसमोर मला उठवता आणि त्या बाईला म्हणता, "ताई, माफ करा. तुमचं नाव कसं लिहू?" ती बाई बराच वेळ आईकडे बघत राहते. मग वडिलांचं नाव सांगते. नवऱ्याने तिला टाकलं होतं, हे मला नंतर कळलं. तुमच्यावरचा माझा राग तरी आठवडाभर टिकला होता. चारचौघांत उठवलंत म्हणून.

बाईंना मी म्हणाले, "पूर्ण लिहा."

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो रागावून बाल्कनीत जाऊन उभा राहिला. परत आला तेव्हा म्हणाला, "माझंही पूर्णच लिहायला सांग मग. माझ्या बापाने काय घोडं मारलंय?" मुलीने मोबाइलमधून मान वर न करता "बेत्सुनी" म्हटलं, म्हणजे तिला काही फरक पडत नव्हता. तो आठवडा वाईट गेला. एजंटाचा प्रत्येक फोन आला की वाटायचं, गेलं घर. पाचव्या दिवशी त्याने कळवलं, विकणारे गृहस्थ थांबायला तयार आहेत. बाईंनी स्वतः त्यांना भेटून सगळं समजावलं होतं.

सह्यांच्या दिवशी बँकेच्या वरच्या मजल्यावर एका लहान खोलीत आम्ही सगळे बसलो. बाईंनी त्या गृहस्थांना नाव विचारलं, पत्ता विचारला, आणि जन्मवर्ष कुठल्या प्राण्याचं तेही. इथे तसं विचारतात. तोतयाला ते पटकन सांगता येत नाही म्हणे. ते म्हणाले, "ससा. बायको म्हणायची, कासव." मग बाईंनी विचारलं, "घर विकायचं हे तुम्ही स्वतः ठरवलंत ना?" गृहस्थ घराच्या किल्ल्या एकेक करून चाचपू लागले. एजंटाने घड्याळ बघितलं, अगदी आपल्या शेडमधल्यांसारखं. बाई मात्र हात मांडीवर ठेवून थांबल्या. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "हो, मीच ठरवलं," आणि खिशातून शिक्का काढला. त्यानंतर बाईंनी आमची नावं मोठ्यानं वाचली. तुमच्या नावाला जपानीत दोन अक्षरं जास्त लागतात. प्रत्येक जोडाक्षर सोडवून, सावकाश, चष्मा सावरत त्यांनी तुमचं नाव वाचलं आणि मला रडू आलं. नवऱ्याने टेबलाखालून रुमाल दिला. एजंटाला वाटलं असेल, घर झालं म्हणून आनंद झालाय. तोही होताच.

आता नोंदीचा कागद आला आहे. त्यात आमच्या दोघांच्या नावांमध्ये तुम्ही दोघं व्याही बसला आहात. परत येईन म्हणाले होते, ते काही होणार नाही असं दिसतंय. त्याबद्दल माझ्यावर रागवा, मला चालेल. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, ते त्याच कागदांच्या पिशवीत राहील. मुलीला मराठी बोललेलं कळतं, वाचता येत नाही, म्हणून निर्धास्तपणे शेवटचं लिहिते.

माझ्या लग्नात तुम्ही आल्यागेल्याला सांगत होतात, "पोरीनं बापाचं नाव सोडलं नाही बरं का." पंगतीत वाढताना सांगितलंत, स्टेशनवर निरोप द्यायला आलात तेव्हा हमालालासुद्धा सांगितलंत. खरं असं होतं की जपानच्या व्हिसाचा अर्ज जुन्या पासपोर्टावर गेला होता, आणि पासपोर्ट बदलायला वेळ नव्हता. नव्या नावाची सही मी वहीत गिरवूनसुद्धा ठेवली होती. नंतर बदलू म्हटलं, आणि तुमचा चेहरा बघून गप्प बसले. तेव्हा तुमचं नाव मी ठेवलं नव्हतं बाबा, ते नुसतं राहून गेलं होतं. ठेवलं ते या वेळी.