वरपक्ष कोण?

नाचणगाव
२० फेब्रुवारी २०२५

अंकिताताई,

विक्कीचा नमस्कार घेजो, अर्धा मार्तालेही देजो. डब्बा आधी फोडू नोको, हे वाच. एवढं सगळं मोबाईलवर पाठवलं असतं तं तू आंगठ्यानं वर सरकवून देल्लं असतं. अन् डब्ब्यातलं सामान मोबाईलवर जात नाई. माहं अक्षर तुले माईतच हाय. समजलं नाई तं मोठ्यानं वाच, मंग समजते.

इकडे सारे मजेत. म्हैस व्याली, पारडू झालं. वांगे यंदा असे लागले का पुलगावच्या बाजारात माय दुपारीच टोपली झाडून घरी येते. बाबा बरे हायेत.

तू फोनवर सांगतलं का मार्तासंग लग्न ठरलं, तिकडं हॉलंडात, त्या दिवशी बाबानं मोबाईल मायच्या हातात देल्ला अन् वावरात पाणी द्याले निघून गेले. मोटरीले लाइन नव्हती तरी. तवापासून घरात तुहं नाव बंद. मंग तू मले एकट्याले फोन केला अन् रडत म्हणली, लग्न तं होईनच, पन घरची हळद आली नाई तं मी हळद लावूनच घेनार नाई.

मी इचार केला. गावाले "हे चालते का?" असं इचारलं तं गाव नाईच म्हणते. आपल्या गावानं आजवर कोणत्याच गोष्टीले आधी हाव म्हणलं नाई. पन मानपानाचं इचारलं तं झोपलेला मानूस बी उठून बसते.

धुरपता आत्या वसरीत सांबाराच्या हिरव्या जुड्या बांधून राह्यली होती. मागच्या हप्त्यात हीच आत्या म्हणे, असलं आपल्यात होत नाई, तिकडच्या थंडीनं पोरीचं डोकं फिरलं. मी बाजूले बसलो, जुड्या बांधू लागलो, अन् हळूच म्हणलं, "आत्या, ताईच्या तिकडचे लोक लय बेकार निघाले. म्हणते आमी वरपक्ष. हळद आधी आमच्या पोरीले लागन, उरली तं तुमच्या पोरीले पाठवू."

ताई, झूट होतं. त्या बिचाऱ्याइले हळद म्हणजे काय तेच माईत नाई. मार्ताले माहीकडून सॉरी म्हणजो.

आत्याचा हात थांबला. "उष्टी हळद? आपल्या पोरीले? कोणत्या गावची हाय थे?"

"पोलंडची."

"तिथं हळद पिकते?"

"नाई."

"मंग कायचा वरपक्ष?"

बस. सांबार तसंच राह्यलं अन् आत्या गल्लीत निघाली. सांजेले पारावर अण्णाजी बसले निवाडा कराले, गावातले अर्धे लग्न त्याइनंच जमवले ना. पारावरचा तानबा म्हणे वयानं मोठी असन ते नवरदेवाकडची. कोणी म्हणे नाई, उंच असन ते. मी मोबाईलवर मार्ताचा फोटो दाखवला, ते तं तुह्यापेक्षा हातभर उंच. आत्या म्हणे, उंचीवरच ठरते तं शेवग्याच्या झाडाले बाशिंग बांधा.

मधातच अण्णाजीच्या ध्यानात आलं. म्हणे, "अबे, पन दोघी बी पोरीच ना?"

आत्या म्हणे, "ते झालं ना आता. मुद्द्याचं बोला."

मी तोंडात रुमाल कोंबला होता, ताई.

मंग इचाराले लागले का तिकडचे लोक काय म्हणते. तू सांगतलं होतं तेच मी सांगतलं. हॉलंडात कोणी मान वर करून बी पाह्यत नाई. मार्ताच्या गावात, तिकडं पोलंडात, पादरी चर्चमधून असल्या लग्नाच्या इरोधात बोलते, अन् तिच्या काकानं फोन कट केला. पन स्पेनमधी त्याच देवाचे, त्याच चर्चचे लोक असल्या लग्नात नाचते. अन् तुह्या दवाखान्यातली ते फातिमा, तिचे बाबा येनार नाई, पन दोघीच्या हातावर मेंदी फातिमाच काढनार हाय. अण्णाजी म्हणे, म्हणजे देवाचं काई नाई, गावागावाचं हाय.

सारे मानले असं समजू नोको. बाजूच्या घरानं दार लावून घेतलं. तळेगावचा ताराचंदमामा मायले म्हणे, माह्या दारात पाय ठेवू नोको, अन् फोन कट. आपलं पोलंड तळेगावात निघालं. माय त्या राती जेवली नाई.

आता बाबाचं. तू कवापासून तेच शोधून राह्यली असशीन.

बाबा या साऱ्या झगड्यात एक शब्द बोलले नाई. काल सकाळी गाडी काढली अन् न सांगता गेले. मी सारीकडं इचारलं. मले वाटलं, मामासारखे तेही पाठ फिरवून गेले. मनात आलं, विक्की, तुही मस्करी यावेळी महागात पडली. इकडं आंगनात आत्यानं बाया गोळा केल्या, मुसळाले आंब्याचा डहाळा बांधला, उखळ धुतलं, अन् अजून एकच झगडा, आपण वरपक्ष का ते वरपक्ष. माय उंबऱ्यातच बसून. अन् कुटाले हळद कोठं होती?

दिवस मावळता बाबा आले. पार समुद्रपूरकडच्या वायगावले गेलते. गाडीले हळकुंडाचं पोतं बांधलेलं, पाठीवर धूळ. पोतं मायच्या पुढं ठेवलं.

आत्या कमरेवर हात ठेवून उभी. म्हणे, "दादा, आता तूच सांग. आपण कोण?"

बाबानं दुपट्ट्यानं तोंड पुसलं. म्हणाले, "आपण पोरीवाले. तेही पोरीवालेच. मंग कोणी कोणापुढं वाकाचं काम नाई. हळद एका वाटीत कालवा म्हणा. उष्टी कोणाचीच नाई."

माय उठली, पदर खोचला, अन् पयलं मुसळ तिनंच मारलं. मंग बाया जे गानं म्हणाले लागल्या का बाजूच्या घराचं दार उघडलं. पाह्याले का आंगनात याले, ते नाई माईत, पन उघडलं.

बाबा ओट्यावर बसले होते. मले जवळ बोलावलं अन् इचारलं, "त्या पोरीचं नाव काय म्हणते बे?"

मी म्हणलं, मार्ता.

दोन-तीनदा तोंडातल्या तोंडात म्हणून पाह्यलं. मंग मायकडं पाहून म्हणाले, "मार्तालेही पुरन एवढी कुटजा."

मी म्हणलं, बाबा, चिठ्ठीत दोन शब्द लिवा. म्हणे, हळद देल्ली ना. तं समजून घेजो. फोनवर अजून लवकर येनार नाई ते. पन येतीन.

आता फोड डब्बा. मायनं वस्त्रगाळ केली हाय, रंग पाह्यजो, तिकडच्या दुकानात असा भेटनार नाई. सायीत कालवजो. तोंडाले लावाच्या आधी दोघी मिळून फोन करजो, सारं गाव मोबाईलपुढं बसनार हाय. आत्या पुढं बसनार, तिले आधीच सांगून ठेवतो का झूट माहं होतं, नाई तं तिथंच मार्तासंग भांडन.

तुहा लहाना भाऊ,
अन् मार्ताचा साळा का देवर, ते अण्णाजी अजून ठरवून राह्यले, पन तिच्या घरचा मानूस हे पक्कं,
विक्की