छत्री कुठून आली, हे तपासून केलेली वाटणी

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, शाळेतून निवृत्त झालेली भाषेची शिक्षिका, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवत आहे. डॉक्टरांनी आज सकाळी मला तपासून माझे डोके ठिकाणावर असल्याचे लिहून दिले आहे. ते मी पुन्हा पुन्हा वाचले, कारण त्यांच्या अक्षरात ‘आहे’ आणि ‘नाही’ सारखेच दिसते. दडपण नाही हे खरे असले, तरी या क्षणी दाराआड कोणीतरी उभे आहे, हेही नमूद करते.

कलम १. गेल्या महिन्यात केलेला मृत्युपत्राचा मसुदा सहीपर्यंत पोचला नाही, म्हणून तो नसल्यासारखा धरावा. त्याची झेरॉक्स माझ्या पुतण्याकडे आहे. मी ती त्याला दिलेली नाही. ती दाखवून तो हक्क सांगू लागला, तर त्याला आधी एवढेच विचारावे की ती त्याच्या हाती कशी लागली.

कलम २. तो मसुदा का बारगळला हे समजायला माझे काम समजले पाहिजे. सहावी ते आठवीच्या मुलांना मी स्वतःचे लिखाण तपासायला शिकवत असे. वेलांट्या नव्हेत, त्या सगळेच तपासतात. मी बघायला लावायचे ते हे, की सुरुवातीला सांगितलेले शेवटपर्यंत टिकते का. एकदा एका मुलीने सहलीचा निबंध लिहिला. पहिल्या परिच्छेदात ती छत्री घरी विसरली म्हणून रडली, आणि चौथ्यात ऊन लागले म्हणून तिने छत्री उघडली. मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडले, “बाई, छत्री कुठून आली?” तेव्हापासून वर्गात रीतच पडली. ज्याचा निबंध त्याने तोंड मिटून बसायचे, दुसऱ्याने मोठ्याने वाचायचे, आणि जिथे जुळत नाही तिथे ऐकणाऱ्याने हात वर करून ‘छत्री’ म्हणायचे. लिहिणाऱ्याला खुलासा करायची मुभा नाही, कारण वाचकाच्या घरी जाऊन लेखक खुलासे करत बसत नाही. शाळेत माझे नाव छत्रीबाई पडले. पुढे नव्या मुख्याध्यापकांनी हा तास बंद करून तिथे सराव परीक्षा घातल्या. त्यांच्या वार्षिक अहवालात मी सहा छत्र्या काढल्या होत्या. तास त्यानंतरच बंद झाला, यात योगायोग असल्याचे मला अजून पटलेले नाही.

माझी पुस्तके शाळेला द्यावीत. कपाटाची किल्ली मात्र ग्रंथपालबाईंच्या हाती द्यावी, मुख्याध्यापकांच्या नव्हे.

कलम ३. माझा थोरला भाऊ सुतार होता. आयुष्यभर करवतीच्या आवाजात राहून त्याचे कान गेले. कानाचे मशीन नसले की त्याच्या कानाशी ओरडले तरी तो नुसता हसायचा. त्याचे रंधे आणि पटाश्या त्याच्या हाताखाली तयार झालेल्या सुताराला द्याव्यात. धार लावायचा दगड त्याला वेगळा द्यायला नको, तो त्याने भेटायला आला तेव्हाच नेला आहे.

कलम ४. घर माझ्या कमाईचे आणि माझ्या एकटीच्या नावावर आहे. दादा आणि वहिनी माझ्याकडेच राहायचे. वहिनीचे आणि माझे कधी भांडण झाले नाही, आणि कधी पटलेही नाही. डाळीच्या डब्यात ती काय लपवते हे मी बरीच वर्षे शोधत होते. डाळ निघाली.

दादा गेला त्या दुपारी मी घरात नव्हते. मी परत आले तेव्हा सगळे संपले होते. पुतण्या आणि त्याची बायको त्या दुपारी दादाला भेटून गेले होते. हा पुतण्या म्हणजे माझ्या मधल्या भावाचा मुलगा. तो आला की भिंती ठोकून बघतो आणि ओल तपासतोय म्हणतो. चार दिवसांनी त्याने मला सांगितले, “आत्या, आम्ही दोघं खिडकीपाशी उभे होतो. मी हिला हळूच म्हटलं, या घराचं पुढे कसं व्हायचं? तर काकांनी उशीखालचा हात काढला आणि म्हणाले, आत्याला सांग, घर तुझ्या नावावर करायला. काकू राहील तिच्या भावाकडे.”

मी माणूस असा सोडत नाही. त्याच्या बायकोला वेगळे बसवून विचारले. तिने तेच सांगितले, उशीखालच्या हातासकट. मग वहिनीला विचारले. पहिल्यांदा ती म्हणाली, दादाने माझी आठवण काढली. दुसऱ्यांदा म्हणाली, “ताईंना उन्हात कशाला पाठवलंस, असं म्हणाले.” तिसऱ्यांदा म्हणाली की टेबलाचा पाय हलतो, तो ताईला लागेल, असे म्हणत होते. एका मरणाच्या तीन गोष्टी! माझ्या मते खोटे कोण बोलत होते हे उघड होते. मी मसुद्यात घर पुतण्याला लिहिले. दादाचा शब्द मोडायचा नव्हता. वहिनीच्या भावाच्या घरात तिला अंथरूण टाकायला कोपराही नाही, हे मला माहीत होते.

कलम ५. माझी वकील म्हणजे तीच छत्री विसरलेली मुलगी. सहीआधी तिने मसुदा मोठ्याने वाचायला घेतला. एका कलमात मी लिहिले होते की कानाचे मशीन दुरुस्त करणाऱ्याला माझ्याकडून काहीही मिळू नये, कारण दादा गेला त्या दुपारी त्याने मला दुकानात ताटकळत ठेवले आणि मशीन दिले नाही ते नाहीच. वाचता वाचता तिने हात वर केला.

“छत्री, बाई.”

“कुठे? अगं, तो माणूस खरोखरच...”

“लिहिणाऱ्याने गप्प बसायचं. मशीन दुकानात होतं ना? मग खिडकीपाशी हळूच बोललेलं दादांना ऐकू कसं आलं?”

नियम माझाच होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा! मी सगळ्यांच्या जबान्या एकमेकींशी ताडून पाहिल्या, पण त्या दुपारी मी स्वतः कुठे होते आणि कशासाठी, हे कशाशीच ताडले नाही. दोन निबंध शब्दाला शब्द जुळले की वर्गात मी आधी बाक वेगळे करायचे. इथे दोघे रोज एकाच घरात जेवतात, आणि मी त्यांना फक्त वेगळ्या खुर्च्यांवर बसवले.

माझी छत्री, जी निरोपाच्या दिवशी मुलांनी दिली होती, ती पुतण्याला द्यावी. दुसरे काहीही देऊ नये. मशीनवाल्यावरचा राग मी मागे घेत आहे, अर्धा.

कलम ६. वकील गेल्यावर मी वहिनीला समोर बसवले आणि म्हणाले, “आता खरं सांग.”

तिने पदराने टेबल पुसले. ते स्वच्छच होते. “ताई, ते काहीच बोलले नाहीत. ही दोघं गेली, मी खुर्चीत बसले आणि माझा डोळा लागला. जाग आली तर ते गेले होते.”

“मग मला दर वेळी नवीन गोष्ट कशाला?”

“तुम्हीच विचारायचात ना, माझ्याबद्दल काही म्हणाला का? तुमचं तोंड बघून नाही कसं म्हणू? आधी काय सांगितलं ते मला आठवायचं नाही. मग सुचेल ते सांगायचे.”

मी तिच्याकडे संशयाने पाहिले, सवयीने. मग माझ्या लक्षात आले की या सगळ्यात तिने स्वतःसाठी एक शब्दही मागून घेतलेला नाही. दादाच्या तोंडी तिने घातले ते सगळे माझ्यासाठीच. मला रडू कोसळले. वहिनी उठली आणि कधी नव्हे ते माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली. टेबलाचा पाय खरोखरच हलतो, हे मला तेव्हा कळले.

कलम ७. माझे राहते घर, आतल्या सामानासह, आणि बँकेतील सर्व ठेवी मी माझ्या वहिनीला देत आहे. तिने त्याचे काय करावे याची कोणतीही अट नाही. तिला कोणी भावाकडे नेऊन सोडायला आले, तर तिने दार उघडू नये. कडी नवीन बसवली आहे.

कलम ८. हे मृत्युपत्र वकिलांनी दोघा साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचले, मी तोंड मिटून बसले, आणि कोणीही हात वर केला नाही. वहिनीला मिळणार असल्याने ती साक्षीदार होऊ शकत नाही. दाराआड उभी आहे ती तीच. आत ये म्हटले तर चहा ठेवलाय म्हणाली. चहाचा वास येत नाही.

शेवटची सूचना. मी जाताना काय बोलले, असे कोणी विचारले तर वहिनीला सांगू द्यावे. ती दर वेळी वेगळे सांगेल. तेव्हा कोणीही हात वर करू नये.

सही: मृत्युपत्र करणारी, छत्रीबाई (हे नाव मला ठाऊक आहे, हे शाळेला कळवावे)

साक्षीदार पहिले: डॉक्टर, सही वाचता येत नाही, पण माझ्यासमोर केली
साक्षीदार दुसऱ्या: ग्रंथपालबाई, चष्मा लावून, सगळे वाचून

स्थळ: जेवणाचे टेबल, हलत्या पायाखाली पुठ्ठा घालून
दिनांक: वकिलांनी वर शिक्क्यात घातला आहे तोच, भिंतीवरच्या कॅलेंडरशी ताडून पाहिला, जुळतो